दुसरा निरोप

आमच्या सोसायटीच्या वार्षिक अंकात माझं प्रवासवर्णन असतंच. काश्मीर झालं, अंदमान झालं, केरळ तर दोनदा झालं. हे सगळे प्रवास मी आणि माझी मोठी बहीण सुलभाताई, असे दोघांनीच केले. ती खिडकीशी बसायची, मी सामान सांभाळायचो. यंदा सेक्रेटरी जिन्यात भेटले आणि म्हणाले, "लेख द्या की. पण यंदा तुम्ही कुठे गेलाच नाहीत ना?"

"गेलो होतो," मी म्हटलं. "घाटकोपर, अंधेरी, बोरिवली."

ते हसले. मला हसू आलं नाही, पण लेख देतो म्हणालो.

तर हा तो लेख. ही ठिकाणं तुम्ही शंभरदा पाहिली असतील. मी ज्या वाटेनं गेलो त्या वाटेनं मात्र तुम्ही गेला नसाल, आणि जाऊ नये अशीच माझी इच्छा आहे. जाणं आलंच तर आधी सांगून ठेवतो, तिथे उत्तम हवापाणी वगैरे काही नाही. हवाच मिळत नाही, सगळा प्रश्न तिथूनच सुरू होतो.

मुलुंड

प्रवास कधी सुरू झाला ते मला नेमकं सांगता येत नाही. ताई टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होती. पस्तीस वर्षं कानाला हेडफोन लावून इकडचा नंबर तिकडे जोडला. लग्न केलं नाही. माझी बायको गेल्यावर ती माझ्याकडे राहायला आली ती स्वतःचा लँडलाईन फोन घेऊनच. तो फोन ती रोज पुसायची. मी बोलून ठेवला की पाठोपाठ येऊन रिसिव्हर नीट बसलाय की नाही ते बघायची. "अरू, तुझी साठी उलटून गेली तरी रिसिव्हर ठेवता येत नाही," हे वाक्य मी आठवड्यातून तीनदा तरी ऐकत असे.

आधी खोकला आला. नाक्यावरचे डॉक्टर म्हणाले, ॲलर्जी. मग म्हणाले, बांधकामाची धूळ. आमच्या भागात चार बिल्डिंगा एकदम पाडल्या होत्या, त्यामुळे तेही पटलं. आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहतो, लिफ्ट नाही. ताई दुसऱ्या मजल्यावर थांबून पर्समध्ये किल्ली शोधायला लागली. किल्ली माझ्या हातात असायची. ती दिसत असूनही ताई शोधत राहायची आणि मी काही बोलायचो नाही. सहा महिने आम्ही दोघांनी हे नाटक छान वठवलं. आज त्या सहा महिन्यांची आठवण आली की मला स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटते.

घाटकोपर

पहिला मुक्काम घाटकोपरचा, छातीच्या सीटी स्कॅनसाठी. एल.बी.एस. रोडनं रिक्षा केली. ताईनं ठेवणीतली नारायणपेठी नेसली होती. म्हटलं, अगं मशीनमध्ये जायचंय, कुणाच्या मुंजीला नाही. ती म्हणाली, "गप रव तू. प्रवासाक जाताना बरा नेसूचा." ताई चिडली किंवा घाबरली की मालवणीत शिरते. त्या दिवशी ती चिडलेली नव्हती.

मशीन आतून हिंदीत बोलतं. साँस लीजिए, साँस रोकिए. ताईला श्वास घेता येत होता, रोखता येत नव्हता. रोखला की खोकला उसळायचा आणि सगळं पहिल्यापासून. तिसऱ्या खेपेला जमलं. बाहेर आल्यावर ती म्हणाली, "एवढ्या वर्षांत मी एवढ्या लोकांना होल्ड करा म्हटलं, आज माझ्यावर आलं."

मग खाऊगल्लीत गेलो. घाटकोपरला जाऊन डोसा न खाता परतणं आमच्यात पाप समजतात. चीज, पनीर, वर शेव, असला तो डोसा पाहून ताईनं नाक मुरडलं, साधाच मागवला आणि दोन घासांत थांबली. गिळताना श्वास लागतो, हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं. उरलेला डोसा मी संपवला. चवीला छान होता, हे लिहिताना लाज वाटते, पण छान होता.

रिपोर्टमध्ये फुफ्फुसाच्या खालच्या भागाला मधमाश्यांच्या पोळ्याची उपमा दिली होती. ताईनं ती ओळ दोनदा वाचली. "मध निघेल का विचार," म्हणाली.

अंधेरी

अंधेरीच्या फुफ्फुसांच्या डॉक्टरांकडे जाताना आम्ही पवईमार्गे गाडी केली. डॉक्टरांची पाटी मोठी, पण वेटिंग रूम लहान. तिथली एक रीत लिहून ठेवण्यासारखी आहे. आपल्याकडे कुणी भेटलं की कसे आहात विचारतात. तिथे विचारतात, "किती?" म्हणजे बोटाला ऑक्सिमीटर लावल्यावर आकडा किती येतो. समोरचा सांगतो नव्वद, शहाण्णव, काय असेल ते. मग त्याप्रमाणे हेवा किंवा कीव करायची. कांदिवलीहून आलेले एक गृहस्थ चाकांच्या बाजारपिशवीत ऑक्सिजनचं सिलिंडर घालून बसले होते. वर कोथिंबिरीची जुडी ठेवावी तशी त्यांनी रिपोर्टची फाईल खोचली होती.

"किती?" त्यांनी ताईला विचारलं.

"अठ्ठ्याऐंशी."

"चालताना की बसून?"

"बसून."

त्यांनी सरकून ताईला पंख्याखालची जागा दिली.

डॉक्टर तिशीतली मुलगी होती. तिनं काकू म्हणताच ताईनं अडवलं, "मी कुणाची काकू नाही गं. ताई म्हण." मुलगी हसली आणि ताई म्हणायला लागली. तिनं फिल्म उजेडावर धरली, बराच वेळ पाहिली, आणि खुर्ची ओढून ताईच्या जवळ आली. डॉक्टर खुर्ची जवळ ओढतात तेव्हा काय समजायचं, ते मला बायकोच्या वेळेपासून माहीत आहे.

"घरी कबुतरं येतात?" तिनं विचारलं.

"नाही," ताई म्हणाली.

मी जमिनीकडे पाहिलं. इथे मागची एक गोष्ट सांगायला हवी. आठ वर्षांपूर्वी आमची आई गेली. दहाव्याला पिंड ठेवला आणि कावळा शिवेना. उन्हात दोन तास बसलो. नवस बोललो, वचनं दिली. शेवटी एक कबूतर आलं आणि त्यानं भाताला चोच लावली. भटजींना पुढच्या कार्याला जायचं होतं. ते म्हणाले, मुंबईत आता हेही चालतं. सगळे सुटकेचा श्वास टाकून उठले. ताईनं मात्र ते मनात धरलं. आई कबुतराच्या रूपानं आली असं तिनं ठरवून टाकलं आणि दुसऱ्या दिवसापासून स्वयंपाकघराच्या खिडकीत मूठभर ज्वारी टाकू लागली. एकाची पंचवीस झाली. खिडकीच्या कठड्यावर विष्ठेचा थर साचायचा, तो ती रोज कोरड्या कुंच्यानं झाडायची. पांढरी धूळ उडायची, पिसं पोळपाटापर्यंत यायची. आणि ज्वारीची गोणी दर महिन्याला तीन मजले चढवून कोण आणत होतं? मी.

"डॉक्टर, येतात," मी म्हटलं. "आठ वर्षं येतात. आम्हीच घालतो दाणे."

ताईनं माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी तिला भर चौकात उघडं पाडलं होतं.

डॉक्टर ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. कबुतरांच्या विष्ठेची, पिसांची बारीक धूळ काहींच्या फुफ्फुसात रोज इजा करते, असं तिनं सांगितलं. काहींच्याच. त्याच घरात त्याच हवेत मीही होतो, पण मला काही झालं नाही. का नाही, याचं उत्तर तिच्याकडेही नव्हतं.

"इजा झाली की तिथली पेशी शेजारच्या पेशींना निरोप धाडते," ती म्हणाली. "इथे भोक पडलंय, धागे विणा, बुजवा. मग काही पेशी विणकाम सुरू करतात. काम झालं की दुसरा निरोप येतो, आता पुरे. आपलं कापलेलं बोट असंच भरतं. ताई, तुमच्या फुफ्फुसात पहिला निरोप जातोच आहे आणि दुसरा पोचत नाहीये. जखम भरते आहे, भरतच चाललीये. मऊ स्पंज होता तिथे जाड व्रण होतोय. आणि वाईट हे की जागा एकदा घट्ट झाली की ती घट्ट जागाच पुन्हा निरोप धाडायला लागते, अजून विणा."

ताई इतका वेळ माझ्यावरच्या रागानं खिडकीबाहेर बघत होती. आता वळली.

"म्हणजे कुणीतरी रिसिव्हर नीट ठेवलेला नाही," ती म्हणाली. "लाईन अडकलीये."

"अगदी तसंच."

"मग लाईनच कापा ना."

डॉक्टरला तिचं कौतुक वाटलेलं दिसलं. ती म्हणाली, "त्या मुख्य निरोपाचं नाव टीजीएफ-बीटा. तो सरसकट बंद करता येत नाही, कारण शरीरात बाकी ठिकाणी तो कामाचा आहे. जखमा भरायला लागतो, कॅन्सरच्या काही गाठींना आवरायलाही लागतो. सगळीकडे बंद केला तर दुसरीकडे वाट लागेल. आज आमच्याकडे ज्या गोळ्या आहेत त्या निरोप ऐकणाऱ्या पेशींच्या कानात थोडे बोळे घालतात. विणकाम मंदावतं. फक्त फुफ्फुसापुरता, उगमापाशीच निरोप अडवतील अशा औषधांच्या चाचण्या चालू आहेत. त्यातली एक बोरिवलीत आहे. मी चिठ्ठी देते."

"आणि जे विणून झालंय ते?" मी विचारलं.

"ते उसवता येत नाही, काका. अजून तरी नाही."

परतीच्या वाटेवर ताईनं फाईल मांडीवर उलटी ठेवली. पवईचा तलाव आला तेव्हा मी म्हटलं, बघ किती छान ऊन पडलंय पाण्यावर. तिनं डोळे मिटून घेतले.

पुन्हा मुलुंड

कबुतरांसाठी खिडकीला जाळी बसवली. घर ओल्या फडक्यानं पुसलं, तोंडाला मास्क बांधून, तीन दिवस. ज्वारीची अर्धी गोणी मी खाली नेऊन टाकली. ताई खोलीचं दार लावून बसली होती. चौथ्या दिवशी ती पहिल्यांदा माझ्याशी बोलली. "आवशीक आता कोण घालतलो?" आईला आता कोण जेवू घालणार, असं ती विचारत होती. मी म्हटलं, आईला तू मेलेली चालली असतीस का? असं बोलायला नको होतं. पण बोललो.

गोळ्या सुरू झाल्या. एक सूज कमी करायला, एक ती कानात बोळे घालणारी. तिनं ताईच्या पोटाची दैना केली. जुलाबांनी ती इतकी गळाली की गोळीचा डोस अर्ध्यावर आणावा लागला. म्हणजे बोळेही अर्धेच. घरात ऑक्सिजनचं मशीन आलं. ते दिवसभर घरघरत असे आणि त्याची नळी ताईच्या मागे मागे खोल्याखोल्यांतून फिरे. बाहेर जाळीवर कबुतरं येऊन बसत, पंख आपटत. ताई लांबून त्यांच्याकडे बघायची.

आता सगळी भिस्त बोरिवलीवर होती. मी आयुष्यात कधी कशाची इतकी वाट पाहिली नसेल. ताईपुढे मी रोज बोरिवलीचं कौतुक करायचो, एखाद्या टूर कंपनीच्या माणसासारखा. नवं औषध आहे, उगमापाशीच अडवतं, सुरुवातीलाच नंबर लागेल. ती ऐकून घ्यायची. एकदा म्हणाली, "अरू, जमलं तर मला पुन्हा जिना चढायचाय. किल्ली न शोधता." तेव्हा मला कळलं की तिलाही आशा होती. ती मीच लावली होती.

बोरिवली

सकाळी नऊची वेळ होती. मी दोन लहान सिलिंडर घेतली, पाण्याची बाटली, फाईल, लिमलेटच्या गोळ्या. पन्नास प्रवासांचा अनुभव असलेला माणूस मी. आणि पवईच्या पुढे ट्रॅफिकमध्ये पहिल्या सिलिंडरचा काटा लाल पट्ट्यात गेला तेव्हा लक्षात आलं की दुसरं उघडायची चावी घरी स्वयंपाकघराच्या ओट्यावर राहिली.

मी ती पिशवी तीनदा उलटी केली. ताईचे ओठ निळसर दिसायला लागले. ड्रायव्हर म्हणाला, "अंकल, टेन्शन मत लो," आणि डिकीतून पाना काढून आला. पाना बसेना. मग शेजारच्या टेम्पोवाल्याचा आणला, तो बसला. या सगळ्यात वीसेक मिनिटं गेली. त्या वीस मिनिटांत ताई माझा हात धरून बसली होती आणि तिची नखं माझ्या तळव्यात रुतली होती. खुणा दोन दिवस होत्या. नंतर गेल्या. माझ्या हाताला दुसरा निरोप बरोबर पोचला.

बोरिवलीच्या सेंटरमध्ये प्राजक्ता नावाची मुलगी होती. चाचणीचे कागद ती सांभाळायची. तिनं पंधरा पानांचा फॉर्म मराठीत नीट समजावून सांगितला. फोन नंबरच्या रकान्यात मी माझा मोबाईल लिहायला लागलो तर ताईनं पेन काढून घेतलं आणि लँडलाईन लिहिला. "मोबाईल उचलत नाही हा. यावर नक्की मिळेल," म्हणाली.

मग फुंकायची परीक्षा. खोल श्वास, आणि नळीत जोरात, संपेपर्यंत. तांत्रिक मदतनीस बाई ओरडत होत्या, "अजून, अजून, अजून!" ताईनं तीनदा फुंकलं. तिसऱ्यांदा फुंकताना तिचे डोळे बाहेर आले होते. मी काचेच्या पलीकडून नकळत तिच्याबरोबर फुंकत होतो.

तासाभरानं प्राजक्ता बाहेर आली. तिच्या हातात आमची फाईल होती आणि ती बंद होती.

"काका, स्क्रीन फेल आलंय."

मला वाटलं मशीनची स्क्रीन बिघडली. मी म्हटलं, "काही हरकत नाही, आम्ही थांबतो दुरुस्त होईपर्यंत."

ती माझ्या शेजारच्या खुर्चीत बसली. मग तिनं सांगितलं की पेशंट चाचणीच्या अटीत बसला नाही की त्याला स्क्रीन फेल म्हणतात. ताईचा फुंकण्याचा आकडा रेषेच्या खाली होता. थोडाच. पण खाली. ज्यांचं फुफ्फुस एवढं घट्ट झालंय त्यांना या अभ्यासात घेत नाहीत.

"आज वाटेत तिचा ऑक्सिजन गेला होता," मी म्हटलं. "माझी चूक. चावी विसरलो. पुन्हा एकदा घ्या ना परीक्षा, उद्या घ्या. मी रात्रीच येऊन बाहेर बसतो तिला घेऊन."

"त्यानं एवढा फरक पडत नाही, काका."

ती खरं सांगत असेल. मला ते आजही पटलेलं नाही.

ताईनंच मला खुर्चीतून उठवलं. "चल रे, भूक लागली." स्टेशनजवळ एक मालवणी खानावळ आहे. तिनं बोंबील मागवले, तिसऱ्यांचं, म्हणजे शिंपल्यांचं, सुकं मागवलं, सोलकढी दोन वाट्या. ताट बघून तिचा चेहरा उजळला. खाल्लं मात्र काहीच नाही, सोलकढीचे चार घोट. बाकी सगळं बांधून घेतलं. "फेल तर फेल," ती म्हणाली. "मॅट्रिकला तू दोनदा झालास, तुला कुणी घरातून काढलं?" मी तिथे, भर खानावळीत, बोंबलांच्या ताटावर रडलो. वाढणाऱ्या बाईंनी न विचारता पाणी आणून ठेवलं.

मुलुंड

त्यानंतर ताई जिना उतरली नाही. दिवस कमी होत गेले आणि मशीनवर लागणाऱ्या ऑक्सिजनचा आकडा वाढत गेला. बोलणं तुटक झालं. एक वाक्य तीन श्वासांत. शेवटी तर नुसत्या खुणा. एका दुपारी, मी पेज ढवळत असताना, मशीन घरघरत राहिलं आणि ताई थांबली.

दहाव्याला कावळा लगेच शिवला. पिंड ठेवला, मागे सरलो आणि आलाच. सगळे म्हणाले, भाग्यवान, काही इच्छा मागे राहिली नव्हती. मला त्या कावळ्याचा संताप आला. तिला जगायचं होतं. यापेक्षा मोठी इच्छा ती काय असते? घरी आल्यावर शेजारी म्हणाले, सगळं व्यवस्थित केलंत, छान निरोप दिलात बहिणीला. मी मान हलवली.

कबुतरं अजून येतात. मी जाळीवर लाटणं आपटतो, ती उडतात, पुन्हा येऊन बसतात. त्यांना अजून कळलेलं नाही. कसं सांगायचं तेही मला कळत नाही.

लेख इथेच संपवणार होतो, पण परवा सकाळी लँडलाईन वाजला. महिन्याभरात तो पहिल्यांदाच वाजत होता. मी धावत जाऊन उचलला.

"सुलभा मॅडम आहेत का? मी बोरिवलीहून प्राजक्ता."

"मी भाऊ बोलतोय."

"काका, तुम्हीच! ऐका ना, एक नवीन अभ्यास सुरू होतोय. याच्यात ऑक्सिजनवरचे पेशंटही चालतात, आकड्याची अटही सैल आहे. मॅडमचं नाव मी तेव्हाच बाजूला लिहून ठेवलं होतं." ती खरंच आनंदात होती. मागे कुणाला तरी फुंकायला लावत होते, अजून, अजून, अजून. "त्यांना निरोप द्याल ना?"

"दिला," मी म्हटलं.

"थँक्यू काका," ती म्हणाली.

मी फोन ठेवला. मग रिसिव्हर नीट बसलाय ना, ते दोनदा पाहिलं.